मास्तर प्रामाणिक होते, पुढे?

ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांचं अक्षर देखणं आहे. सरकार बनवण्यासाठी कुणाला पाचारण करायचं असलं, की ते पत्र टाइप करून घेत नसत. मगरिबी वळणाच्या अरबी लिपीत स्वतःच्या हातानं लिहीत. ओळी सरळ, गोलाई नेमकी, खाडाखोड नाही. अशा पत्रांचे फोटो पसरले तेव्हा काहींनी चेष्टा केली, काहींना ते मनापासून आवडलं. बोलण्याचंही तेच. घरीदारी चालणारी ट्युनिशियन बोली सोडून छापील, ग्रांथिक अरबी. एकच पट्टी, एकच लय, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. लोकांनी त्यांना ‘रोबोकॉप’ नाव ठेवलं आणि त्या नावात सुरुवातीला बरीच मायाही होती. सगळी उमेद घटनात्मक कायदा शिकवण्यात घालवलेला, साधा राहणारा, कुणाचा मिंधा नसलेला माणूस देशाच्या सर्वोच्च पदावर बसला होता.

राजकारणात शिकलेली, स्वच्छ माणसं यायला हवीत, ही आपल्याकडची जुनी मागणी. सोसायटीच्या मीटिंगपासून संपादकीयापर्यंत कुठेही ऐकू येते. ट्युनिशियानं ती शब्दशः अमलात आणली. म्हणून या माणसाची कारकीर्द आपण बारकाईनं पाहायला हवी. माझं म्हणणं थोडक्यात असं: सईद भ्रष्ट निघाले म्हणून ट्युनिशियाची लोकशाही कोसळली नाही. ते प्रामाणिकच राहिले, आणि त्यांना ‘तुमचा अर्थ चुकतोय’ असं अधिकारानं सांगणारं कुणी शिल्लक नव्हतं, म्हणून ती कोसळली.

सईद यांचा जन्म १९५८चा. आधी सूस इथे आणि मग १९९९पासून ट्युनिसच्या विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला, २०१८मध्ये ते निवृत्त झाले. डॉक्टरेट त्यांनी कधी पूर्ण केली नाही. तरी वर्गात नोट्स न बघता बोलणारे, वेळेवर येणारे मास्तर असा त्यांचा लौकिक होता. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझीदमध्ये महंमद बुअझीझी या हातगाडीवाल्यानं स्वतःला पेटवून घेतलं, पुढच्या चार आठवड्यांत तेव्हाचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष बिन अली देश सोडून पळाले आणि सगळ्या देशाला एकाएकी घटनेची भाषा शिकण्याची गरज पडली. नवी घटना लिहिली जात होती, टीव्हीवर रोज चर्चा झडत होत्या आणि तिथे कलमांचा अर्थ सांगायला सईद बसलेले असत. एका पिढीनं त्यांना पडद्यावरचे मास्तर म्हणूनच ओळखलं.

२०१९ला ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा पक्ष नव्हता, पोस्टर जवळपास नव्हतीच. प्रचारासाठी सरकारकडून मिळणारा निधी त्यांनी नाकारला. पहिल्या फेरीत १८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ते पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावर होते टीव्ही वाहिनीचे मालक नबील करुई, आणि ते आर्थिक गुन्ह्यांच्या आरोपाखाली तुरुंगात होते. इथे सईद यांनी जे केलं ते आजही मला ग्रेट वाटतं. प्रतिस्पर्धी गजाआड असताना आपण प्रचार करणं नैतिकदृष्ट्या बरोबर नाही, असं जाहीर करून त्यांनी स्वतःचा प्रचार थांबवला. करुई मतदानाच्या चार दिवस आधी सुटले, दोघांची टीव्हीवर चर्चा झाली आणि १३ ऑक्टोबरला सईद ७२.७१ टक्के मतांनी निवडून आले. तरुणांची मतं तर त्यांना जवळपास एकगठ्ठा पडली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सईद यांनी कुणाला फसवलं नव्हतं. राजकीय पक्षांचे दिवस भरले आहेत, संसद थेट निवडणुकीतून नको, खेड्यापाड्यांतल्या स्थानिक परिषदांतून वरवर चढत जाणारी असावी, प्रतिनिधी नालायक निघाला तर मतदारांना त्याला परत बोलावता यावं, हे सगळं ते निवडणुकीआधी मुलाखतींत मोकळेपणानं बोलले होते. प्रचाराची घोषणाच मुळी ‘जनतेला हवं आहे’ अशी होती, आणि ती २०११च्या रस्त्यांवरून उचललेली. लोकांनी घोषणा ऐकली, माणूस पाहिला आणि मजकूर वाचायचा राहून गेला. सत्तेनं सज्जन माणूस बिघडवला, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. इथे ती लागू पडत नाही. २०१९चे सईद आणि २०२२चे सईद यांच्या विचारांत फारसं अंतर नाही. अंतर पडलं ते त्यांना अडवू शकणाऱ्या माणसांच्या संख्येत.

आता रिकाम्या खुर्चीकडे येऊ. २६ जानेवारी २०१४ रोजी संविधान सभेनं २००विरुद्ध १२ मतांनी जी घटना मंजूर केली, तिच्यात एक घटना न्यायालय होतं. बारा सदस्य: चार संसदेनं निवडायचे, चार न्यायिक परिषदेनं, चार अध्यक्षांनी. संसदीय निवडणुकीनंतर वर्षभरात ते स्थापन व्हायला हवं होतं. संसदेतल्या निवडीसाठी २१७पैकी १४५ मतं लागत. एन्नहदा या इस्लामवादी पक्षाला निधर्मी गटाचा माणूस चालेना, निधर्मी गटांना एन्नहदाचा. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मार्च २०१८मध्ये एका महिला न्यायाधीशांची निवड झाली, आणि तिथेच गाडी अडकली. आपल्या बाजूचा नाही, तर कुणीच नको, असा सगळ्यांचा न बोललेला करार झाला. न्यायालय आलं असतं तर ते आपल्यालाही कधी ना कधी आडवं गेलं असतं, हे प्रत्येक पक्षाला कळत होतं. मग घाई कुणाला असणार?

२०२१च्या वसंतात संसदेनं १४५ मतांची ही अट सैल करणारी दुरुस्ती केली. सईद यांनी त्यावर सही केली नाही. कारण काय दिलं? घटनेनं ठरवून दिलेली एक वर्षाची मुदत उलटून गेली आहे. मुदत संपल्यावर आता ते स्थापन कसं करता येईल? वर्गात हा युक्तिवाद एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं केला असता तर मास्तरांनी कौतुकानं हसून त्याला खाली बसवलं असतं. मुदत घालण्याचा हेतू न्यायालय लवकर व्हावं हा होता. मुदत चुकली म्हणून न्यायालयच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पण हे सांगणार कोण? सांगण्याचा अधिकार ज्याला होता, तेच तर स्थापन व्हायचं होतं.

पंच मैदानात उतरलेलेच नाहीत आणि एका खेळाडूला नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे, तर तो खेळाडू हळूहळू पंचाचं काम करू लागतो. त्यात त्याची नियत वाईट असायची गरज नाही. उलट तो जितका अभ्यासू, तितका त्याचा आपल्या वाचनावर विश्वास जास्त.

२५ जुलै २०२१च्या रात्री सईद यांनी घटनेचं कलम ८० वापरलं. हे कलम एकदा शांतपणे वाचण्यासारखं आहे. देशाला तातडीचा धोका असेल आणि राज्यकारभार चालणं अशक्य झालं असेल, तर अध्यक्षांना असाधारण उपाय करता येतात. पंतप्रधान आणि सभापतींशी आधी सल्लामसलत करायची, घटना न्यायालयाच्या अध्यक्षांना कळवायचं. या काळात संसद सतत अधिवेशनात आहे असं मानलं जाईल. अध्यक्षांना ती विसर्जित करता येणार नाही. ३० दिवसांनी सभापती किंवा ३० खासदार घटना न्यायालयाकडे जाऊन विचारू शकतील, की ही परिस्थिती अजून आहे का. सईद यांनी या कलमाखाली पंतप्रधान हिशाम मशीशी यांना घरी पाठवलं आणि संसद गोठवली. पहाटे सभापती रशीद घनूशी बार्दोतल्या संसदभवनाशी पोचले, तर फाटक बंद आणि आत लष्कर. जी संसद सतत अधिवेशनात असायला हवी होती, तिचा सभापती फाटकाबाहेर गाडीत बसून होता.

आणि ट्युनिसच्या हबीब बुर्गिबा रस्त्यावर लोक हॉर्न वाजवत नाचत होते. त्यांना मूर्ख ठरवणं मला जमत नाही. दहा वर्षांत नऊ पंतप्रधान झाले होते. पोरांना काम नव्हतं. त्या जुलैमध्ये कोविडनं कहर केला होता, इस्पितळांत प्राणवायू पुरत नव्हता. आणि संसदेत काय चाललं होतं? ३० जून रोजी अबीर मूसी या विरोधी खासदार महिलेला भर सभागृहात, कॅमेऱ्यांसमोर एका पुरुष खासदारानं मारलं. अशा सभागृहाला टाळं लागलं तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? संस्था आतून कुजल्या की त्यांच्या बाजूनं उभं राहायला माणसं मिळत नाहीत, आणि ट्युनिशियातल्या पक्षांनी त्या निगुतीनं कुजवल्या होत्या. हा दोष सईद यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

पुढचा क्रम झपाट्यानं सांगतो, कारण पहिली पायरी उतरल्यावर बाकीच्या सारख्याच असतात. सप्टेंबर २०२१मध्ये अध्यक्षीय हुकूम ११७: यापुढे कारभार हुकमांनी, आणि त्या हुकमांना कुठे आव्हान देता येणार नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये न्यायिक परिषद बरखास्त. ३० मार्चला खासदारांनी ऑनलाइन अधिवेशन भरवून हे हुकूम रद्द करण्याचा ठराव केला, त्याच संध्याकाळी सईद यांनी संसद विसर्जित केली. कलम ८० चालू असताना जे करायला घटनेची स्पष्ट मनाई होती, नेमकं तेच. जूनमध्ये एका हुकमानं ५७ न्यायाधीशांना काढून टाकलं. ऑगस्टमध्ये प्रशासकीय न्यायालयानं त्यांतल्या ४९ जणांची बडतर्फी स्थगित केली, सरकारनं त्या निकालाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. २५ जुलै २०२२ला नव्या घटनेवर सार्वमत झालं: बाजूनं ९४.६ टक्के, मतदान जेमतेम ३० टक्के. डिसेंबरमध्ये नव्या संसदेच्या निवडणुकीत अकरा टक्क्यांच्या आसपास मतदार फिरकले. ‘जनतेला हवं आहे’ म्हणणाऱ्या माणसाच्या राज्यात जनता मतदान केंद्रावर येईनाशी झाली, हा हिशेब मास्तरांनी कधी मांडला असेल का, कोण जाणे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मास्तर लोकांच्या हाती राज्य देऊच नये. वर्गात शेवटचा शब्द त्यांचाच असतो, उलट बोलणाऱ्याला ते उद्धट समजतात, तीच सवय घेऊन ते गादीवर बसतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. सईद यांची मंत्र्यांबरोबरच्या बैठकींची चित्रफीत पाहा: ते बोलत असतात, समोरचा मान डोलवत असतो. तरी मी हे म्हणणं मान्य करणार नाही, कारण या नाटकात दुसरे मास्तरही आहेत.

सादोक बेलाईद हे त्यांतले एक. कायदा विद्याशाखेचे माजी अधिष्ठाता, आणि खुद्द सईद यांना शिकवलेले. नव्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचं प्रमुखपद सईद यांनी या आपल्या गुरूंना दिलं. त्याच वेळी देशातल्या कायद्याच्या महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना समितीवर येण्याचं बोलावणं गेलं होतं. त्यांनी एकमुखानं नकार दिला. विद्यापीठाला राजकारणात ओढू नका, म्हणाले. बेलाईद मात्र गेले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसानं ही जोखीम घ्यावी हे तेव्हा अनेकांना खटकलं, मलाही ते पटत नाही. समितीनं मसुदा दिला, आणि ३० जून २०२२ला राजपत्रात छापून आला तो भलताच. बेलाईद यांनी जाहीरपणे सांगितलं की हा आमचा मसुदा नव्हे, आणि यातून हुकूमशाहीची वाट मोकळी होते. शिष्यानं गुरूची वही घेतली, आतली पानं बदलली आणि वर गुरूचं नाव राहू दिलं असतं; गुरूनं ते होऊ दिलं नाही. उशिरा का होईना, आपल्या विद्यार्थ्याला चारचौघांत चूक दाखवण्याची हिंमत त्यांनी केली.

दुसरे जौहर बिन मुबारक. तेही घटनात्मक कायद्याचे अध्यापक. २५ जुलैच्या कारवाईला ‘बंड’ म्हणणारी नागरिकांची आघाडी उभी करण्यात ते पुढे होते. फेब्रुवारी २०२३मध्ये त्यांना अटक झाली आणि राज्यसंस्थेविरुद्धच्या कटाच्या खटल्यात एप्रिल २०२५मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली. त्या एका खटल्यात जवळपास ४० आरोपी होते: राजकारणी, वकील, व्यापारी, कार्यकर्ते. म्हणजे एकच विषय शिकवलेली दोन माणसं, एक राजवाड्यात आणि दुसरा तुरुंगात. पेशाला दोष देऊन काय उलगडणार?

अरब जगातलं आणखी एक उदाहरण द्यायला हवं. लेबनॉनचे सलीम अल-होस बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. यादवीच्या आणि नंतरच्या काळात ते अनेकदा पंतप्रधान झाले. २०००च्या निवडणुकीत पंतप्रधानपदावर असताना अब्जाधीश प्रतिस्पर्धी रफिक हरिरी यांच्या पैशाच्या आणि संघटनेच्या लाटेत त्यांची स्वतःची जागा गेली. ते पायउतार झाले आणि बाजूला झाले. ऑगस्ट २०२४मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या विरोधकांनीही त्यांच्या सचोटीची आठवण काढली. होस मनानं सईद यांच्यापेक्षा मोठे होते का, हे मी सांगू शकत नाही. एवढं दिसतं की लेबनॉनच्या त्या गुंतागुंतीच्या, खेचाखेचीच्या व्यवस्थेत एकट्या पंतप्रधानाला सगळं आपल्या हाती घेणं शक्यच नव्हतं. ती व्यवस्था देशाला पुढे गाळात घेऊन गेली, हेही खरं. पण तिथे एका प्रामाणिक माणसाला हरता आलं.

मराठी वाचकाला इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण आठवल्याशिवाय राहणार नाही. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे लोक वाईट असतील तर ती वाईट ठरेल, हे त्यातलं वाक्य आपल्याकडे प्रत्येक २६ जानेवारीला फळ्यावर लिहिलं जातं, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘म्हणून चांगली माणसं निवडा’ एवढाच घेतला जातो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बजावलं होतं की थोर माणसाच्या चरणीसुद्धा आपलं स्वातंत्र्य वाहू नका, संस्था उलथवता येतील एवढे अधिकार त्याच्या हाती देऊ नका. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. त्यांनी लबाडांपासून सावध राहा एवढंच सांगितलेलं नाही. थोर माणसाचं नाव घेऊन सांगितलं आहे, आणि हा भाग फळ्यावर येत नाही.

सईद यांच्या बाजूनं अजूनही एक युक्तिवाद केला जातो: पैसा तर खाल्ला नाही ना? खाल्ल्याचा आरोप त्यांचे विरोधकही सहसा करत नाहीत. पण न खाणाऱ्या राज्यकर्त्याची एक वेगळीच अडचण असते. त्याला विरोध करणारा माणूस त्याच्या लेखी आपोआप चोर ठरतो. सईद यांच्या भाषणांत विरोधक फार क्वचित ‘चुकलेले’ असतात. ते ‘गद्दार’ असतात, ‘कटवाले’ असतात. साखर, पीठ बाजारातून गायब झालं तर साठेबाजांचा कट. देशात सहाराच्या दक्षिणेकडून आलेले स्थलांतरित वाढले, तर देशाची लोकसंख्याच बदलण्याचा कट; फेब्रुवारी २०२३मध्ये ते असं बोलले आणि त्यानंतर काळ्या लोकांना घरांतून, कामांवरून हाकललं गेलं, मारहाण झाली. सप्टेंबर २०२२चा हुकूम ५४ ‘खोट्या बातम्या’ पसरवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग देतो. सोनिया दहमानी या वकील टीव्हीवर देशाबद्दल एक उपहासाचं वाक्य बोलल्या. मे २०२४मध्ये पोलिसांनी वकील संघटनेच्या इमारतीत घुसून त्यांना उचललं, आणि एका परदेशी वाहिनीच्या कॅमेऱ्यावर ते थेट दिसत होतं. लाचखोर सत्ताधीशाला निदान आपण काय आहोत हे ठाऊक असतं आणि म्हणून तो तडजोडीला तयार असतो. स्वच्छ हातांचा सत्ताधीश तडजोडीलाच भ्रष्टाचार समजतो.

ऑक्टोबर २०२४ची अध्यक्षीय निवडणूक याचा कळस होती. बहुतेक इच्छुक अपात्र ठरले किंवा तुरुंगात गेले. प्रशासकीय न्यायालयानं तीन उमेदवारांना परत घ्या असा निकाल दिला, निवडणूक आयोगानं तो मानला नाही. आणि या आयोगाचे सदस्य नेमण्याचा अधिकार सईद यांनी २०२२मध्येच स्वतःकडे घेतला होता. मतदानाला नऊ दिवस उरले असताना संसदेनं कायदा करून निवडणुकीच्या वादांतून प्रशासकीय न्यायालयालाच काढून टाकलं. रिंगणात उरलेले एक उमेदवार अयाशी झम्मेल सप्टेंबरपासून तुरुंगात होते, शिफारशींच्या सह्या बनावट असल्याच्या आरोपाखाली. त्यांना सात टक्क्यांच्या वर मतं पडली. सईद यांना ९०.६९ टक्के. मतदान तीस टक्क्यांच्या आत. या वेळी प्रतिस्पर्धी गजाआड असल्याची टोचणी कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

सईद यांनी स्वतः लिहिलेल्या २०२२च्या घटनेतही घटना न्यायालय आहे. नऊ सदस्य, सगळे ज्येष्ठ न्यायाधीश, संसदेच्या मतांची भानगडच नाही. सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून नावं उचलायची आणि हुकूम काढायचा. २०२५ संपेपर्यंत तो हुकूम निघालेला नव्हता. याच घटनेत असंही म्हटलं आहे की अध्यक्षांचं निधन झालं किंवा ते काम करण्यास कायमचे असमर्थ ठरले, तर घटना न्यायालयाच्या अध्यक्षांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष व्हायचं. मार्च २०२३च्या शेवटी सईद जवळपास दोन आठवडे लोकांना दिसले नाहीत. तब्येतीच्या अफवा उठल्या, आणि उद्या काही झालं तर कारभार कोणाकडे जाईल हे घटनेचा अभ्यास असलेल्या कुणालाही सांगता येईना. एप्रिलच्या सुरुवातीला ते परत दिसले आणि असे प्रश्न विचारणाऱ्यांवर चिडले. न्यायालयाबद्दल ते काही बोलले नाहीत.